उभ्या बायका आणि किल्लीचा कॅमेरा

कॅमेरा पाहिला की जाणकार माणसं विचारतात, भिंग कुठलं, फीत कुठली. मी एवढंच विचारते, हा घेऊन एस.टी.त उभं राहता येतं का? एक हात वरच्या दांडीला, दुसरा कंडक्टरला सुटे द्यायला. कॅमेऱ्याला तिसरा हात लागत असेल तर तो एकट्या माणसाच्या कामाचा नाही. तो कंपनीच्या कामाचा. कंपनीकडे हात पुष्कळ असतात.

संपादकांचा आग्रह असा की, एकट्याने गावोगाव फिरून चित्रण करणाऱ्याने कोणतं सामान घ्यावं, यावर मी लिहावं. त्यांना वाटतं मी आता या कामात मुरले. खरं सांगायचं तर मी गेल्या दुष्काळात शिकले, तेही एका पाझर तलावाच्या बांधावर, आणि बऱ्याचशा गोष्टी कॅमेरा हातात असताना शिकलेच नाही. पण सामानाबद्दल मला ठाम मतं आहेत. ती सांगते.

माझे वडील राहुरीत एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतात. ऊसतोडणीवाल्यांची, कुळांची, शिक्षकांची, सगळ्यांची पत्रकं तिथे छापली जातात. वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. त्यामुळे उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी भेटलं. पुढे नगरला एका साप्ताहिकात लिहू लागले तेव्हाही लेखणीची चाल पत्रकाचीच होती. पत्रकात एक मोठी सोय असते. लिहायला बसण्याआधीच शेवट ठाऊक असतो.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्यातून आमच्याकडे निरोप आला. तिथल्या पाझर तलावाचं काम बंद होणार होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं एरवी दसरा झाला की कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात. त्या वर्षी ऊसच वाळला, म्हणून सगळी दुष्काळी कामावर होती. तिथल्या ओव्हरसियरने वर कळवलं होतं की या कामावरचे मजूर, विशेषतः बायका, काम न करता नुसत्या उभ्या असतात. पुरावा म्हणून फोटो जोडला होता. फोटो आम्हाला कुणीतरी दाखवला. खरंच, बांधाच्या उतारावर बायकांची एक लांब रांग, आणि सगळ्या उभ्या.

काम बंद झालं तर पुढचं काम डोंगरापलीकडे. तिथे मुक्कामाला जायचं, तान्ही पोरं पाटीत घालून न्यायची, नाहीतर म्हाताऱ्यांजवळ टाकून जायची. समितीची बैठक जवळ आली होती. समिती म्हणजे तालुक्यातल्या दुष्काळी कामांवर देखरेख ठेवणारी मंडळी. काम चालू ठेवायचं की नाही, ते तिथे ठरणार होतं.

मी लगेच पत्रक लिहायला घेतलं. वडील त्या दिवशी नगरला आले होते. ते फोटो बघत म्हणाले, "लिही. पण ह्या फोटोला शब्दांनी काय उत्तर देणार तू? डोळ्यांनी बघितलेल्याला कानांनी ऐकलेलं पुरत नाही."

म्हणून सिनेमा.

पुण्याचा एक मित्र मोठं यंत्र घेऊन आला. फीत बोटभर रुंदीची, कॅमेरा काळा आणि देखणा, खाली लाकडी तिपाई, आवाजासाठी चकत्यांचा वेगळा रेकॉर्डर, आणि हे सगळं ठेवायला चकचकीत पत्र्याची पेटी. ते चित्र खरोखर सुंदर येतं. मोठ्या पडद्यावर माणसाच्या पापण्या मोजता येतात. पण एस.टी.च्या टपावर तिपाई, मांडीवर कॅमेरा, पायात पेटी, आणि फाट्यावर उतरल्यावर पुढे पायवाट. मित्राला वाटेतच ऊन लागलं.

तरी पोचलो. आणि आम्हाला बघून काम सोडून बायका पळाल्या. पोरं काखोटीला मारून पळाल्या, काही बाभळींच्या आड लपल्या. मला कळेना. शेवटी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून पुढे आली आणि पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, "आमच्या समद्या पोरांला टोचून झालंय! पुन्यांदा न्हाई टोचू देनार!"

देवीची लस टोचायला येणाऱ्यांकडे तशीच पेटी असते.

मी म्हणाले, "आजी, आम्ही सिनेमा काढायला आलोय."

"मंग तर पुरुष बी पळतील," ती म्हणाली. "त्यो कमी पोरांचा शिनिमा. नसबंदीची गाडी आल्ती मागं."

मित्र त्याच संध्याकाळी यंत्रासह पुण्याला परतला. त्याचा राग नाही. पण तेव्हापासून माझा पहिला नियम असा: सामान ज्या पिशवीत न्यायचं, ती पिशवी त्या गावात आधी कुणी आणि कशासाठी आणली होती, याची चौकशी करावी. भिंगाची चौकशी नंतर.

नगरला आमचे एक डॉक्टर स्नेही आहेत. त्यांनी परदेशातून आणलेला एक छोटा सिनेमा-कॅमेरा मुलांच्या वाढदिवसापुरता कपाटातून बाहेर निघायचा. तो त्यांनी मला दिला. फीत करंगळीपेक्षा बारीक, वजन भरल्या तांब्याइतकं. त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. गजराच्या घड्याळासारखी किल्ली द्यायची, की सुमारे अर्धा मिनिट तो चालतो. मग दमतो. पुन्हा किल्ली. या अर्ध्या मिनिटाला पुण्याचे मित्र हसतात. मला तो कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. मोठ्या यंत्रामागचा माणूस चालू करून विचार करतो. किल्लीवाल्याला आधी विचार करावा लागतो.

दोष दोन. एक, आवाज नाही. मी सोबत छोटा कॅसेट रेकॉर्डर घेते, पण दोन्ही एकदम चालवता येत नाहीत, कारण कॅमेरा जात्यासारखा घरघरतो आणि कॅसेटवर तेवढंच ऐकू येतं. म्हणून आधी रेकॉर्डर लावून माणसाचं बोलणं पुरतं ऐकायचं, मग तो बंद करून चित्र घ्यायचं. ही अडचण म्हणून सुरू झालेली रीत, आता मी सोडणार नाही. ज्याचं पुरतं ऐकलं, त्याच्याकडे कॅमेरा वेगळ्या जागेवरून धरला जातो.

दुसरा दोष फितीचा. ती एका बाजूने संपली की रीळ काढून उलटं घालावं लागतं, आणि तेही सावलीत. नाहीतर कडा जळून पांढऱ्या होतात. दुष्काळी कामावर सावली कुठली आणायची?

तर असा तो कॅमेरा साध्या कापडी पिशवीत टाकून मी एकटी परत त्या बांधावर गेले. या वेळी कुणी पळालं नाही. आजीने ओळखलं. "टोचनारी न्हवं ती," असं तिने सगळ्यांना सांगितलं आणि टोळीच्या मुकादमिणीकडे मला नेलं. ही हौसाबाई. उंच, कोरडी, आवाज पार पलीकडच्या टेकाडावर जाणारा. मी रेकॉर्डर लावला आणि विचारलं, तुम्ही उभ्या का असता?

"उभ्या न्हाई तर काय निजू?" हौसाबाई म्हणाली. मग तिने हाताला धरून मला उतारावर नेलं. दोन पावलं टाकली आणि मी पाटीशिवायच घसरून बसले. बायका खदखदल्या. त्या उताराचा मुरूम सुटा होता. डोक्यावर भरली पाटी घेऊन चढणारी बाई पाटीसकट खाली येत होती. एकीचा पाय मोडला, तेव्हा यांनी आपल्या आपण रीत बदलली. खालच्या खड्ड्यापासून बांधाच्या माथ्यापर्यंत रांग लावायची, पाय रोवून उभं राहायचं, आणि पाटी हातोहात वर द्यायची. रिकामी पाटी माथ्यावरून घरंगळत खाली. बाई जागची हलत नाही, माती वर जाते.

"त्यो सायेब सडकंवर जीप थांबवतो," हौसाबाई म्हणाली. "खाली येत न्हाई. सडकंवरनं काय दिसतंय त्याला?"

फोटोतली रांग ती हीच. फोटोत हात हलत नाहीत, पाटी सरकत नाही. फोटो खोटा नव्हता. तो फक्त फोटो होता! याला उत्तर सिनेमाच देऊ शकत होता, आणि सिनेमा माझ्या पिशवीत होता. मी किल्ली दिली, रांगेसमोर उभी राहिले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि चालू केला. रीळ उलटं घालायची वेळ आली तेव्हा हौसाबाई आणि आणखी दोघी माझ्याभोवती पदर ताणून उभ्या राहिल्या. त्या सावलीत मी रीळ बदललं.

फीत धुण्यासाठी मुंबईला पाठवायची तर बैठक होऊन जाणार. नगरमध्ये माझ्या ओळखीचे एक बापूकाका आहेत, लग्नामुंजीचे फोटो काढणारे. त्यांना म्हटलं, तुम्ही धुवा.

"मी नवरा-नवरी धुतो," बापूकाका म्हणाले. "क्रांती धुतलेली नाही कधी. बघू."

साधी फीत धुतली की उलटं चित्र मिळतं, काळं ते गोरं आणि गोरं ते काळं. सिनेमाला सुलट लागतं. त्यासाठी एकदा धुऊन, मधेच उजेड दाखवून, पुन्हा धुवावं लागतं. बापूकाकांनी पुस्तकात वाचून, लाकडाची एक चौकट ठोकून, त्यावर फीत गुंडाळून बादल्यांत ते केलं. आणि बादल्यांत पाणी लागतं. शहरात नळाला धार नव्हती. फीत विसळायला जे पाणी गेलं ते बघताना मला बरं वाटलं नाही. बापूकाकांनाही नसावं. पाणी चार भांड्यांत खालीवर फिरवून ते शेवटच्या थेंबापर्यंत वापरत होते.

फीत वाळली. डॉक्टरांच्या सामानात एक चिमुकलं बघायचं यंत्र होतं. उजेडाकडे धरायचं, एक डोळा लावायचा आणि हाताने दांडा फिरवायचा. आत सिनेमा दिसतो. मी दांडा फिरवला.

बायका उभ्या होत्या. सगळ्या. फितीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. डोक्यावर पदर नीट, हात मांड्यांना चिकटलेले, नजर माझ्याकडे, श्वास रोखलेला. कॅमेरा दिसताच त्यांनी पाट्या खाली ठेवल्या होत्या. जत्रेत फोटो काढताना जसं थांबायचं असतं तशा त्या थांबल्या होत्या. आणि मी डोळा भिंगाला लावून, पाटी सरकतेय असं समजून बघत होते. जे दिसणार असं मला आधीच ठाऊक होतं, तेच मला दिसलं होतं. एव्हाना बैठक आणखी जवळ आली होती, आणि ओव्हरसियरच्या बाजूचा याहून चांगला पुरावा त्यालाही मिळाला नसता.

ही फीत मी फेकून देणार होते. बापूकाका म्हणाले, "फेकू नकोस. त्यांना दाखव. नाहीतर तू परत गेलीस तरी त्या परत थांबतील."

ते खरं होतं. मी ते बघायचं यंत्र घेऊन पहाटेच्या गाडीने बांधावर गेले. पहिली हौसाबाई. तिने एक डोळा लावला, मी दांडा फिरवला.

"ही कोन? मी?" ती म्हणाली. मग तिला हसू फुटलं. "अगं, हालतंय की! कुत्रं हालतंय!"

त्यांच्या मागून एक कुत्रं गेलेलं मी पाहिलंच नव्हतं.

"समद्या उभ्या आनि कुत्रं तेवढं कामाला जातंय!" हौसाबाई ओरडली, आणि रांगच्या रांग बघायला लोटली. एकेकीने डोळा लावला. आजीने दांडा स्वतः फिरवला, आधी भराभर, मग उलटा, तर कुत्रं मागे चालायला लागलं. त्यावर कामावर वाटतात ती दुपारची सुकडी खाईपर्यंत हसणं चाललं. मी फीत धुण्याची हकीकत सांगितली, तेव्हा एक तरणी पोर म्हणाली, "आमाला धुवाया इतकं पानी? आमी येवड्या मळल्या हुतो व्हय?" हसल्या सगळ्या, पण ती मला उत्तराची वाट बघत असल्यासारखी वाटली.

पण आता त्यांना कळलं होतं की हे यंत्र हललेलं धरतं. लगेच दुसरी भानगड. मी कॅमेरा काढताच पाट्या बंदुकीच्या गोळ्यांसारख्या सुटायला लागल्या. मुरूम अर्धा खाली सांडत होता. हौसाबाई कडाडली, "हळू गं! रोज देता तशा द्या! उंद्या सायेबानं ह्यो जोर मागितला तर कुटनं आननार?" रांग ताळ्यावर आली.

पुढची अडचण किल्लीची. पाटी खालून माथ्यावर पोचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागायचं. मधे कॅमेरा दमायचा. तुकड्या-तुकड्यांत घेतलं तर बघणारा म्हणेल, खाली एक पाटी, वर दुसरीच. त्यात सगळ्या पाट्या सारख्या. हौसाबाईला हे सांगितलं तर तिने डोक्याला बांधलेल्या फडक्याची पांढरी पट्टी टरकन फाडली आणि एका पाटीच्या कडीला बांधली.

मी म्हणाले, "नको. हे नाटक होईल. आपल्याला खरं दाखवायचंय." पत्रकांवर वाढलेल्या माणसाला असल्या बाबतीत फार कळतं.

"अगं, पोळ्याला शिंगं रंगवली म्हंजे बैल खोटा हुतो का?" हौसाबाई म्हणाली.

चिंधीची पाटी खड्ड्यातून निघाली. तिपाई असती तर मी समोर लांब उभी राहिले असते. इथे कॅमेरा तांब्याएवढा असल्यामुळे मी सरळ रांगेत दोघींच्या मधे शिरले. किल्ली संपली की हौसाबाई ओरडायची, "थांबा!" पाटी जिच्या हातात असेल तिच्या हातात थांबायची, मी वर सरकून पुढच्या दोघींच्या मधे जायची, किल्ली द्यायची, आणि "हां, चला!" माथ्यावर शेवटच्या बाईने ती पाटी पालथी केली तेव्हा धूळ थेट भिंगावर आली. पुसायला माझा पदरही मातीचाच होता.

ही फीतही बापूकाकांनी बादल्यांत धुतली. सांगायला हवं की अशा फितीची दुसरी प्रत नसते. कॅमेऱ्यातून जी गेली तीच पडद्यावर चालते, आणि दरवेळी चालताना घासते. पुढे मी ती उत्साहाने इतक्या ठिकाणी दाखवली की आज तिच्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा आहेत. एकट्याने काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. स्वस्तातली आणि हलकी वस्तू घेतली की ती फार वेळा दाखवायची नाही, हेही पत्करावं लागतं. मला ते उशिरा कळलं.

समितीच्या बैठकीत डॉक्टरांचा प्रोजेक्टर लावला. खिडक्यांना सतरंज्या, भिंतीवर धोतर. ओव्हरसियर पहिल्या रांगेत. बारीक, घामेजलेला, अजून नोकरीत पक्का न झालेला तरुण. बघण्याआधी तो मला फोटोपेक्षाही सपाट वाटला होता. चित्र सुरू झालं. आवाज नाही, फक्त प्रोजेक्टरची टकटक. चिंधी खालून निघाली. एक हात, दुसरा हात, घसरणारा पाय, पुन्हा रोवलेला, हात. समितीचे अध्यक्ष हे पिकल्या मिशांचे बागाईतदार. ते पुढे वाकले. चिंधी माथ्यावर गेली, पाटी पालथी झाली, धूळ, आणि भिंत पांढरी.

"फिरवा परत," अध्यक्ष म्हणाले.

परत फिरवलं. मग ते ओव्हरसियरला म्हणाले, "काय हो? उभ्या आहेत, पण नुसत्या उभ्या नाहीत."

ओव्हरसियर उठून म्हणाला, "सडकेवरून असं दिसत नाही साहेब."

"काम चालू ठेवा," अध्यक्षांनी सांगितलं. मला टाळी वाजवावीशी वाटली. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण हे यंत्र फार नामी आहे. बाई, दर पंधरवड्याला असं चित्र आणा. सगळ्याच कामांचं आणा. म्हणजे कोण राबतंय आणि कोण टंगळमंगळ करतंय ते इथे बसून कळेल."

मी काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. घरी येताना मनात अख्खं पत्रक तयार झालं होतं, उद्गारचिन्हांसकट. कॅमेरा मुकादम होणार नाही! पण चित्र नाही आणलं तर काम पुन्हा संशयात, आणि संशय म्हणजे डोंगरापलीकडे. बोजा माझ्या तत्त्वाचा, आणि तो वाहणार हौसाबाईची टोळी. हे एकटीने ठरवण्याचा हक्क मला नव्हता. मी बांधावर गेले आणि सगळ्यांना सांगितलं.

हौसाबाईने तंबाखू मळली. मग म्हणाली, "त्ये दे हिकडं."

"काय?"

"त्ये यंत्र. किल्ली कशी देत्यात?"

मी दाखवलं. तिने दोनदा दिली, कानाशी लावून ऐकलं, भिंगाला डोळा लावून रांगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. "हलकं हाय," ती म्हणाली. आणि कॅमेरा पदरात धरून सडकेकडे चालू लागली. मी मागे निघाले तर म्हणाली, "तू थांब हितं. माझ्या जागेवर हुबी ऱ्हा."

म्हणून मी रांगेत उभी राहिले. पाटी आली, पुढे दिली, आली, पुढे दिली. थोड्याच वेळात दंड भरून आले. लांब सडकेवर, जिथे जीप थांबते तिथे, हौसाबाई काडीएवढी दिसत होती. ती बराच वेळ तिथे होती.

त्या फितीत काय आहे ते आम्ही सगळ्यांनी बघायच्या यंत्रातून पाहिलं. एकच चित्र, पुन्हा पुन्हा किल्ली देऊन घेतलेलं. लांबवर बांध, आणि बांधावर काळ्या रेघांची रांग. हलतंय असं काही दिसत नाही. त्या रेघांतली एक मी होते आणि माझे दंड अजून दुखत होते. मी स्वतःला ओळखू शकले नाही.

"व्हय गं," हौसाबाई म्हणाली. "उभ्याच दिसतो."

"म्हणजे तो साहेब खोटं बोलत नव्हता?" मी विचारलं. मला त्याचा राग सोडायचा नव्हता.

"त्याला जितनं दिसलं तितनं त्यो बोलला. तितं हुबं ऱ्हायल्यावर मलाबी तसंच दिसलं. मला बगायचंच हुतं." ती थांबली. "त्याला हितं आनाया पायजे. जीप उतरत न्हाई खाली, म्हनून येत न्हाई."

आजी म्हणाली, "मंग वाट करा की. दुष्काळी कामच हाय न्हवं? माती हाय, पाट्या हायेत, हात हायेत."

पंधरवड्याच्या बैठकीला मी हौसाबाईची फीत नेली. अध्यक्षांनी बघितली आणि वैतागले. "यात काय दिसतंय? काहीच नाही!"

"सडकेवरून एवढंच दिसतं," मी म्हणाले. "चित्र टोळीच्या मुकादमिणीने घेतलंय. तिचं म्हणणं असं की, इथे बसून बघू नका, तिथे या. त्यासाठी सडकेपासून बांधापर्यंत जीपची वाट हवी. ती दुष्काळी कामात धरा, आम्ही करतो. आणि मी यापुढे पंधरवड्याचं चित्र आणणार नाही."

माझा आवाज चढला होता. मग अध्यक्ष मिशीवर हात फिरवत हसले. "म्हणजे चित्र मागितलं तर काम वाढवून मागता," ते म्हणाले. "ठीक आहे. घ्या वाट."

बांधाचं काम चालू राहिलं, वर वाटेचं काम मिळालं. डोंगरापलीकडे कुणी गेलं नाही. पहिल्या पावसापर्यंत हौसाबाईची टोळी घरून येऊन घरी जात होती. एवढंच हवं होतं.

वाट पुरी झाल्यावर पहिली जीप धुरळा उडवत बांधापर्यंत आली, तेव्हा मी तिथे होते. ओव्हरसियर उतरला. रांग चालू होती, आणि तो नेमका रांगेच्या मधे येऊन उभा राहिला. पाटी त्याच्यापाशी अडली.

"सायेब," हौसाबाई म्हणाली, "मधी उभं ऱ्हाऊ नका. बाजूला तरी व्हा, न्हाईतर धरा."

त्याने इकडेतिकडे बघितलं. मला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. माझ्या हातात किल्ली दिलेला कॅमेरा होता, फीत भरलेली होती, उजेड हवा तसा होता. मी तो डोळ्याकडे नेला. हौसाबाईने माझ्याकडे मान वळवली आणि हळूच म्हणाली, "ठिव त्ये खाली. लाजंल त्यो."

मी कॅमेरा पिशवीत टाकला. तेव्हा कुठे त्याने बाह्या सारल्या, पाय मुरुमात रोवले आणि पाटी हातात घेतली.